हातातला एक्सआरएफ: शिशासाठी पक्का, आर्सेनिकसाठी कच्चा

दूषित मातीतले धातू शोधायला मी हातात धरायचा एक्सआरएफ वापरते, म्हणजे क्ष-किरण सोडून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र. मातीवर टेकवायचा, ट्रिगर दाबायचा, मिनिटभर हात हलू द्यायचा नाही. शिसं, जस्त, तांबं किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते पडद्यावर येतं. शिशासाठी हे यंत्र मला मनापासून आवडतं. जुन्या रंगाचे पोपडे सुटलेल्या भिंतीपासून एकेक पाऊल लांब जात मोजलं की शिसं कुठवर पसरलंय ते कळतं, आणि प्रयोगशाळेत कुठली माती पाठवायची ते जागेवरच ठरतं.

आर्सेनिकचा आकडा दिसला की मात्र मी थांबते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं, त्यांना रेषा म्हणतात. आर्सेनिकची के-अल्फा रेषा 10.54 केईव्हीवर (हे ऊर्जेचं एकक), शिशाची एल-अल्फा 10.55 वर. डिटेक्टरला या दोन रेषा वेगळ्या दिसूच शकत नाहीत. मग यंत्र 12.6 केईव्हीवरची शिशाची दुसरी रेषा बघून शिशाचा वाटा वजा करतं. शिसं बेताचं असेल तर हा हिशेब जमतो. ते आर्सेनिकच्या दहापट किंवा त्याहून जास्त असलं, की उरलेल्या आकड्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. अशी माती सरळ आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस या प्रयोगशाळेतल्या, अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर घ्यावी. माहितीपत्रकातल्या शोधमर्यादा (यंत्राला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण) बहुधा निव्वळ वाळूत काढलेल्या असतात, त्यांवर भाळू नका.

ओल 20 टक्क्यांच्या वर गेली तर आकडे खाली घसरतात. माती वाळवून, 250 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून, पातळ प्लास्टिकची फिल्म लावलेल्या कपात भरली तर निकाल कितीतरी सुधारतो. नमुना बोटांत धरून ट्रिगर कधीही दाबू नये. ते क्ष-किरण आहेत.

नमुना जसाच्या तसा राहतो, हा मोठा गुण. न्यायवैद्यक कामात पुरावा पुन्हा तपासता यायला हवा, म्हणून तिथे याची किंमत आणखी वाढते. पण झोत काही मिलिमीटर रुंद असतो. काचेच्या बारीक कणाला खूप बारीक झोताचा मायक्रो-एक्सआरएफच लागतो.

पिण्याच्या पाण्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, तिथवर हे यंत्र पोहोचत नाही. लिथियम, बेरिलियम, बोरॉनही याला दिसत नाहीत.

मातीसाठी घेणार असाल तर विक्रेत्यासमोर भरपूर शिसं आणि प्रमाणित आर्सेनिक असलेली संदर्भ-माती ठेवा आणि मोजायला सांगा. सोबत यंत्राच्या तोंडावरच्या खिडकीच्या जादा फिल्म मागून घ्या. एक खडा टोचून फिल्म फाटली तर आतला डिटेक्टर उघडा पडतो.