बॉयलर कव्हर: हप्ता नंतर बघा, आधी अपवाद वाचा

ब्रिटनमध्ये स्वतःचं घर असलेल्यांसाठी हे लिहितोय. बॉयलर कव्हर म्हणजे बॉयलर बिघडला तर दुरुस्ती मिळावी म्हणून हप्ते भरून घेतलेला प्लॅन. भाड्याच्या घरात राहत असाल तर बॉयलर कव्हरवर एक पौंडही घालवू नका. हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं, गॅसची वार्षिक तपासणी करून घेणं, ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे.

बॉयलर अजून वॉरंटीत असेल तर नुसत्या बॉयलरचं कव्हर म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. फक्त दरवर्षी गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडून सर्व्हिस करून घ्या आणि नोंद ठेवा. ती चुकली तर वॉरंटी हातची जाऊ शकते. घराच्या विम्यात 'होम इमर्जन्सी' (घरातल्या तातडीच्या बिघाडांचं कव्हर) आधीच आहे का, तेही बघून घ्या.

कव्हर खरं कामाला येतं ते वॉरंटी संपलेल्या, पण फार म्हातारा न झालेल्या कॉम्बी बॉयलरला (टाकीशिवाय हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारा). डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पंखा, सर्किट बोर्ड हे भाग याच वयात दगा देतात. मात्र बहुतेक प्लॅनमध्ये गाळ आणि क्षारांमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि नेमका तिथेच क्लेम अडतो.

हा गाळ कसा होतो बघा. एक्सपान्शन व्हेसलमधली (गरम होऊन फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी हवेची टाकी) हवा कमी झाली की हीटिंग लावल्यावर प्रेशरचा काटा 3 बारकडे चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेरच्या पाइपातून ठिबकतं. बॉयलर गार झाला की काटा 1 च्या खाली. मग लोक फिलिंग लूप (सिस्टिममध्ये नळाचं पाणी भरायची जोडणी) उघडून पाणी भरतात, दर आठवड्याला भरत राहतात. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ साठतो. पुढे पंप किंवा हीट एक्स्चेंजर गेला की कंपनी गाळाकडे बोट दाखवते. म्हणून प्रेशर वारंवार उतरत असेल तर पाणी भरत बसू नका, लगेच कव्हर कंपनीकडे तक्रार नोंदवा.

रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागत असेल तर गाळ आधीच साठलाय असं समजा. अशा वेळी प्लॅन घेण्याआधी सिस्टिम साफ करून मॅग्नेटिक फिल्टर (गाळ चुंबकानं पकडणारा) आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालून घेणं जास्त शहाणपणाचं. पॉवर फ्लशचा (जोराच्या पाण्यानं सिस्टिम धुण्याचा) खर्च प्लॅनमध्ये सहसा नसतोच.

आता पैशांचं. समजा एक प्लॅन महिना 10 पौंडांचा, पण दर क्लेमला 95 पौंड एक्सेस, म्हणजे तुम्ही खिशातून भरायची रक्कम. दुसरा 15 पौंडांचा, एक्सेस शून्य. वर्षात एकही क्लेम नसेल तर 120 विरुद्ध 180. एकच क्लेम झाला की 215 विरुद्ध 180. जुन्या बॉयलरला माझं मत दुसऱ्या प्लॅनला.

सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. दुरुस्ती परवडत नाही असं ठरवलं तर नवीन बॉयलर देणार की नुसती ठरावीक रक्कम? वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिस आहे की वरवरची तपासणी? आणि हा विमा आहे की देखभालीचा करार? विमा असेल तर वाद फायनान्शियल ओम्बड्समनकडे (ग्राहक आणि वित्त कंपन्यांमधले वाद सोडवणारी संस्था) नेता येतो. कराराला ते संरक्षण असेलच असं नाही.

सुरुवातीचे 14 किंवा 28 दिवस बऱ्याच ठिकाणी क्लेम चालत नाही, आधीपासूनचा बिघाड तर नाहीच. त्यामुळे कव्हर सप्टेंबरातच घ्या.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून बंद पडला तर आधी बाहेरचा प्लास्टिकचा कंडेन्सेट पाइप (बॉयलरमध्ये तयार होणारं पाणी बाहेर नेणारा) गोठलाय का बघा. जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तर त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि रीसेट करा. एवढ्यासाठी एक्सेस भरू नका.

आणि गॅसचा वास आला तर कव्हरवाल्यांना फोन नकोच: खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, घराबाहेर पडा आणि 0800 111 999 हा गॅस गळतीचा आपत्कालीन नंबर लावा.