खारवट वनस्पतींच्या नोंदी: हर्बेरियमच्या घ्याव्यात की फोटोंच्या?

खारवट जमिनीतल्या वनस्पतींचा नकाशा करायला घेतलात की जीबीआयएफवर, म्हणजे जगभरातल्या जीवनोंदी एकत्र ठेवणाऱ्या खुल्या संकेतस्थळावर, दोन तऱ्हेच्या नोंदी एकाच यादीत येतात: हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांच्या आणि हौशी निरीक्षकांच्या फोटोंच्या. हाताशी वेळ कमी असेल तर भर कशावर द्यायचा? मी दोन्हींवर काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

जागेच्या बाबतीत फोटो सरस, यात वाद नाही. जुन्या शीटच्या, म्हणजे वाळवलेलं झाड चिकटवलेल्या कागदाच्या, लेबलवर बहुधा नुसतं ठिकाणाचं नाव असतं आणि अक्षांश-रेखांश मागाहून कुणीतरी भरलेले. माझ्या नकाशात सुएडा या खारवट जमिनीतल्या झाडाचा एक ठिपका चक्क डोंगरावर पडला होता. शिवाय सॅलिकॉर्नियासारखं रसाळ झाड वाळलं की पार सुरकुततं, फुलांची मांडणी दिसेनाशी होते. ताज्या झाडाचा फोटो इथे कितीतरी बोलका.

तरी माझं मन शीटकडे वळलं ते एका त्रासापायी. फोटोच्या आत शिरून पाहता येत नाही. सॅलिकॉर्निया आणि आर्थ्रोक्नेमम, दोन्हींची कांडी सांध्यासांध्यांची, पानं जवळजवळ नाहीतच. एका फोटोखाली तीन जणांनी दोन नावं सुचवली होती. तासभर मोठा करकरून पाहिला आणि शेवटी ती नोंद सोडून दिली. अशा किती सोडल्या! खरी खूण बियांत असते. आर्थ्रोक्नेममचं बी काळं, टणक, बारीक पुटकुळ्यांचं. सॅलिकॉर्नियाचं पातळ सालीचं आणि केसाळ.

शीटवर चिकटवलेल्या कागदी पाकिटात गळालेले तुकडे जपलेले असतात. परवानगी घेऊन असंच एक पाकीट उघडलं, एक पेर कोमट पाण्यात भिजवलं, सुईने बी सोडवलं. काळं कुळकुळीत! लेबलवर मात्र सॅलिकॉर्निया. त्या दुपारी एक जुनी चूक सुटली.

नावंही बदलत राहतात. 2017 साली सार्कोकॉर्निया ही प्रजाती (जीनस) सॅलिकॉर्नियात सामावून घ्यावी, असा प्रस्ताव आला. असं काही झालं की पुन्हा तपासायला हातात झाड लागतं.

तुमचं काम फक्त एखाद्या ठळक, सहज ओळखू येणाऱ्या जातीपुरतं असेल तर फोटो पुरतीलही. एरवी मी तरी आधी ‘जतन केलेला नमुना’ हा गाळणा लावेन, शीटची प्रतिमा उघडून लेबल स्वतः वाचेन आणि फोटो जागा ताडून पाहायला ठेवेन. डोंगरावर गेलेला ठिपका लेबल वाचून बऱ्याचदा खाली आणता येतो.