भिंतीवरच्या चेहऱ्यासाठी कापड कोणतं: जाड सुती की रेशीम?

कापडावर पोर्ट्रेट रंगवून भिंतीवर लावायचं ठरलं की पहिला घोळ कापडाचाच.

जाड सुती कापड चुका पोटात घालतं. आधी धुऊन घ्या, म्हणजे आटायचं तेवढं आटेल आणि खळही निघून जाईल. चौकटीवर ताणून जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिले की अ‍ॅक्रिलिक रंग वरच राहतो, धाग्यांत पसरत नाही. नाक वाकडं झालं? वाळू द्या आणि वरून पुन्हा रंगवा. मात्र अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद दिसतो, त्यामुळे गालाची छटा मनात असेल त्याहून थोडी फिकटच मिसळावी. कापड चौकटीशिवाय पडद्यासारखं सोडायचं असेल, तर जेसो टाळून रंगात फॅब्रिक मीडियम (कापडावरचा रंग लवचिक ठेवणारं द्रावण) घालावं. नाहीतर गुंडाळताना रंगाचा थर तडकू शकतो.

रेशमाचा थाट वेगळा. पातळ रंग टेकवला की क्षणात पसरतो, म्हणून आधी गुट्टाची (रंग अडवणाऱ्या चिकट द्रव्याची) रेघ ओढून त्याला बांध घालावा लागतो. ती रेघ पापणीपाशी केसभर जरी तुटली, तरी डोळ्याचा काळा रंग थेट गालावर. पुसायची सोयच नाही! पण कपाळावरून कानशिलाकडे विरघळत जाणारी सावली रेशमावर जशी उतरते, तशी सुतीवर मला कधी जमली नाही. शिवाय बरेचसे रेशमी रंग वाफेवर पक्के करावे लागतात आणि उन्हात विटतात, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद.

ओळखीचा चेहरा हुबेहूब हवा असेल, तर मी सुतीच घेते. रेशीम पाठमोऱ्या किंवा अर्ध्या अंधारातल्या चेहऱ्यांसाठी.