दूध संकलनाला ऑटोमॅटिक सिस्टीम बसवून १४ महिने झाले, खरा फायदा कुठं झाला ते सांगतो

आमचं दूध संकलन केंद्र आहे, सांगली जिल्ह्यात, गाव लहान. ११० च्या आसपास उत्पादक, दोन्ही वेळचं मिळून ९०० लिटरपर्यंत दूध आणि जवळपास सगळं गायीचंच. इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट आणि एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधातले बाकीचे घटक) काढणारं अॅनालायझर, कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर, बाहेर आकडे दिसायला डिस्प्ले आणि इन्व्हर्टर, सगळं मिळून एक लाख दहा हजाराच्या आत बसलं. कंपनीचं नाव देत नाही, बरं-वाईट दोन्ही लिहायचंय.

निमित्त झालं २०२४ च्या अनुदानाचं. सरकारनं गायीच्या दुधाला लिटरला ५ रुपये दिले, पण त्यासाठी प्रत्येक उत्पादकाची माहिती ऑनलाइन भरायची होती, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आधारला जोडलेलं खातं, दूध किती घातलं, आणि आमचं सगळं वहीत. मी आणि लिहिणारे काका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वह्या उघडून एक्सेल भरत बसायचो, त्यात एक आकडा इकडचा तिकडं झाला की त्या माणसाचं अडकलंच. लोकांचे हक्काचे पैसे आपल्या अक्षरापायी अडकतायत हे मला सहन होत नव्हतं, म्हणून त्या दिवाळीनंतर मनाशी पक्कं केलं.

आधी बिलाचं सांगतो. आमच्याकडं दर दहा दिवसांनी बिल. ११० माणसं, दिवसाला दोन वेळा, म्हणजे एका बिलाला २२०० नोंदी. प्रत्येक नोंदीला फॅट आणि एसएनएफ बघून चार्टवरचा दर शोधायचा, लिटरनं गुणायचं, मग पशुखाद्याची कपात, उचल, बँकेचा हप्ता वजा करायचा. दोन माणसं दोन रात्री, आणि एवढं करूनही दर बिलाला चार-पाच चुका निघायच्याच. आता दहाव्या दिवशी संध्याकाळचं संकलन संपलं की अर्ध्या तासात बिल तयार, बँकेची यादी पण त्यातनंच निघते. कपाती मात्र मी अजून एकेक नजरेखालून घालतो, कारण पेंडीचं पोतं कुणाच्या नावावर टाकायचं ते शेवटी आम्हीच हातानं भरतो.

मला वाटलेलं की वेळ वाचणं हाच मोठा फायदा, पण पैशात बघितलं तर घट कमी झाली ते जास्त मोठं निघालं. आधी मापानं दूध घ्यायचो, वर फेस, आणि सकाळच्या गर्दीत कोण किती थांबणार. टँकरला दूध गेलं की रोज सहा-सात लिटर कमी भरायचं आणि ते आमच्या अंगावर. आता काटा किलोत वजन घेतो आणि लिटरला १.०३ किलो धरून सॉफ्टवेअर लिटर काढतं, त्यामुळं फेसाचा प्रश्नच राहिला नाही. घट दीड-दोन लिटरवर आली. रोजचे पाच लिटर वाचले तर ३० रुपयांनी धरलं तरी महिन्याला साडेचार हजार होतात, मशीनचा हप्ता त्यातनंच जातो.

आता त्रासाचं, कारण विकणारा माणूस हे सांगत नाही.

पहिल्या थंडीत लोक म्हणायला लागले, थंडीत फॅट वाढायला पाहिजे, आमची कमी कशी लागतीय. मी आधी मशीनवरच विश्वास ठेवला, ही माझी चूक. एक म्हातारे आबा रोज पावती हातात घेऊन उभे राहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, शेवटी मलाच राहवलं नाही आणि जुनं गर्बरचं सामान, म्हणजे हातानं फॅट तपासायचं, बाहेर काढलं. १० मिली सल्फ्युरिक अॅसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, सेंट्रीफ्यूजमधनं फिरवून पाच जणांची फॅट काढली तर मशीन सरळ ०.२ ते ०.३ कमी दाखवत होतं. संध्याकाळी गरम पाण्यानं धुवायचं राहत होतं आणि आत दुधाचा थर बसलेला. कंपनीचा माणूस यायला नऊ दिवस लागले. त्या बिलातला फरक आम्ही पदरचा घालून दिला, आणि तेव्हापासून दर सोमवारी पाच सॅम्पल गर्बरवर ताडून बघतो आणि तो आकडा भिंतीवर लिहितो, कुणीही वाचावा. मशीन घेतलं म्हणून गर्बरचं सामान कुणी विकू नका एवढी कळकळीची विनंती आहे.

दुसरं म्हणजे दरपत्रक. डेअरीचा दर बदलला की नवीन चार्ट टाकायला लागतो आणि तो कुठल्या वेळेपासून लागू ते नीट निवडायला लागतं. मी एकदा सकाळच्या जागी संध्याकाळ टाकली, सगळ्यांच्या पावत्या जुन्या दरानं निघाल्या, मग फोन करून करून दुरुस्त्या. आता चार्ट बदलला की पहिल्या तीन पावत्या मी कॅल्क्युलेटरवर करून बघतो. भेसळीच्या बाबतीत पण गैरसमज नको, पाणी घातलेलं आमच्या मशीनला कळतं, युरिया नाही कळत, त्याची टेस्ट वेगळी करायला लागते.

लिहिणाऱ्या काकांचं काय झालं हे बरेच जण विचारतात. २२ वर्षं वही लिहिली त्यांनी, मशीन आलं तेव्हा दोन दिवस गप्पच होते. त्यांना काढायचा विचार आमच्या मनातही नव्हता. आता सॅम्पल तेच घेतात, दूध हळू ढवळून, बुडबुडे न करता, कारण बुडबुडा गेला की आकडा चुकतो आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर आहे. दुपारी पशुखाद्याचा हिशोब बघतात. वही पण बंद केली नाही, लिटर-फॅटची एक ओळ लिहितात, वीजही गेली आणि इन्व्हर्टरही संपला असं दोनदा झालं तेव्हा त्याच वहीवर निभावलं.

घेणार असाल तर आधी एक विचारा, आपला डेटा आपल्याला एक्सेलमध्ये काढून मिळतो का. आम्हाला मिळतो, पण शेजारच्या गावात एकाला कंपनी बदलायची होती तर जुनं काहीच निघालं नाही, तीन वर्षांचं दूध पुन्हा हातानं भरलं. आणि सर्व्हिसचा माणूस तालुक्यात आहे का पुण्याहून येतो तेही विचारा, माझे नऊ दिवस त्यातच गेले.

मेसेजचं मात्र मी काहीच ठरवलं नव्हतं, ते आपोआप घडलं. दूध घातलं की लिटर, फॅट आणि रक्कम मोबाईलवर जाते. आधी नवरा किंवा पोरगं पावती घ्यायचं आणि ती खिशातच राहायची, गायीचं सगळं करणाऱ्या बाईला फॅट किती लागली ते कळतच नव्हतं. मग बायकांनी स्वतःचा नंबर द्यायला सुरुवात केली, काहींनी केंद्रातला उत्पादकाचा कोडच आपल्या नावावर करून घेतला, आज २३ खाती बायकांच्या नावावर आहेत आणि पैसे थेट तिथं जातात. त्यातल्या एका वहिनींची फॅट सारखी ३.३ वर अडकलेली, त्यांनी आठवडाभर मेसेज बघून स्वतःच ओळखलं की हिरवा चारा जास्त होतोय आणि कडबा कमी पडतोय. कडबा वाढवला, पंधरा दिवसांत ३.६ लागली. आता त्यांच्या गल्लीतल्या दोघीजणी संकलनाला आल्या की आधी फॅट विचारतात आणि मग कॅन खाली ठेवतात.