सेकंडहँड वॅगनआर, लोन आणि बाहेरून बसवलेला सीएनजी किट: इन्शुरन्सचा ११ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत २०१९ ची वॅगनआर घेतली, बँकेचं लोन काढून. आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलेला, शिवाय स्टिरिओ, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील. डीलर म्हणाला इन्शुरन्स ऑक्टोबरपर्यंत आहे, टेन्शन नका घेऊ. पण ते "आहे" म्हणजे खात्रीने फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे तेवढं आपोआप नवीन मालकाकडे येतं, आपल्या गाडीच्या नुकसानीचं मात्र १४ दिवसांच्या आत कंपनीत अर्ज देऊन नावावर करून घ्यायचं असतं. मी ११ व्या दिवशी गेलो.

तिथे कळलं की आधीच्या मालकाचा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, म्हणजे उरलेल्या महिन्यांचा फरक मला भरायचा. भरला. बँकेचं नाव हायपोथिकेशन म्हणून, म्हणजे गाडी लोनसाठी तारण आहे म्हणून, पॉलिसीवर चढवलं. आणि मग काउंटरवरच्या मॅडमनी आरसी बघून विचारलं, गाडी पेट्रोल-सीएनजी आहे ना, मग पॉलिसीत नुसतं पेट्रोल कसं? किट आरसीवर चढवलेला होता पण इन्शुरन्समध्ये कोणी कळवलाच नव्हता! त्यांनी विचारलं नसतं तर मला जुलैपर्यंत पत्ता लागला नसता, त्या मॅडमचे खरंच आभार.

हिशोब असा, किटच्या किमतीच्या ४ टक्के वर्षाला, म्हणजे ४० हजारांच्या किटला १६०० रुपये, वर थर्ड पार्टीचे ६०. स्टिरिओ, कॅमेरा यांनाही तेच ४ टक्के. अलॉय इलेक्ट्रिकल नाहीत म्हणून त्यांची किंमत गाडीच्या आयडीव्हीबरोबर (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) धरली. बिलं आधीच्या मालकाकडून व्हॉट्सअॅपवर मागवली, बिचाऱ्याने शोधून दिली. वूफर मी स्वतः मार्चमध्ये बसवला आणि तो कळवायचा राहिला.

जुलैमध्ये सांगलीहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागून टेम्पोने ठोकलं आणि पळून गेला. आम्हाला कोणाला लागलं नाही, पण डिकी आत गेली आणि डिकीतच सिलेंडर. गॅरेजवाल्याने आधी गॅस बंद केला मगच गाडी आत घेतली. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला, गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, सिलेंडरवरची धूळ अंगठ्याने पुसत एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी आरसी आणि हायड्रो टेस्टचं (सिलेंडर दाब सहन करतो का ते बघणारी तपासणी) सर्टिफिकेट हातात धरून जुळवत होतो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा कुठे जीवात जीव आला. ही टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते, माझी तारीख चालू होती.

बिल ५८ हजार झालं, मिळाले जवळपास ४२. कारण गाडी ५ वर्षांच्या वरची, त्यामुळे पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के घसारा, बंपरसारख्या प्लास्टिकवर ५० टक्के, वर १००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून. मजुरी पूर्ण मिळाली. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, जुन्या गाडीला सहसा देत नाहीत, मलाही दिलं नव्हतं. सिलेंडरचा व्हॉल्व्ह आणि ब्रॅकेट क्लेममध्ये बसले, ते पॉलिसीत लिहिल्यामुळेच. वूफरचे साडेसहा हजार गेले, त्याबद्दल कंपनीला दोष देणार नाही, कागदावर नव्हताच तो.

राग आला तो रिन्यूअलच्या वेळी. एका एजंटने आयडीव्ही २ लाख ६० हजार धरून कोटेशन पाठवलं, प्रीमियम हजारभर कमी, आणि वर म्हणतो साहेब जुन्या गाडीला एवढंच धरतात. माझं लोन तेव्हा २ लाख ८५ हजार बाकी! दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि ते पैसे आधी बँकेकडे जातात, म्हणजे गाडीही नाही आणि वर २५ हजार मीच भरायचे. लोनवाल्या माणसाला असं कोटेशन देणं मला साफ चुकीचं वाटतं. ५ वर्षांच्या पुढे आयडीव्ही कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा असतो, ठरलेला तक्ता नसतो, म्हणून भांडून ३ लाख २० हजार करून घेतला.

नवीन पॉलिसीत किट, स्टिरिओ, कॅमेरा, अलॉय, नवा वूफर सगळं वेगवेगळ्या ओळीत आहे, बँकेचं नावही आहे, पीडीएफ आल्या आल्या मी आणि बायकोने बसून आरसीशी ताडून बघितलं. सिलेंडरची पुढची टेस्ट मार्चमध्ये आहे, तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवलीये.