हिशोब भिंतीवर लावणारी कार्यशाळा (अमळनेर परिसर)

माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांग, बोलत नाही. दिवसभरात काय झालं हे तो घरी येऊन सांगू शकत नाही, म्हणून त्याच्यासारख्या मुलांना दिवसभर सांभाळून काम शिकवणारी कार्यशाळा निवडताना मी आधी कागद बघते.

आधीच्या संस्थेत एकदा त्याच्या दंडावर वळ दिसला. विचारलं तर उत्तर आलं, "पडला असेल." नोंद काहीच नव्हती. इथे, आताच्या कार्यशाळेत, घटनावही आहे. परवाचीच नोंद: "11.40, बाकावरून उतरताना तोल गेला, डावं कोपर खरचटलं, औषध लावलं, आईला फोन केला." खाली मावशींची सही. मला एवढंच हवं होतं!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. इथे ते दारातच आहे. शेजारी भिंतीवर सगळा हिशोब: मिळालेलं अनुदान, देणग्या, पगार आणि पणत्या-फायलींच्या विक्रीतून मुलांना वाटलेलं मानधन. त्यात वाचा-उपचारतज्ज्ञापुढे सरळ "पद रिक्त" लिहिलंय. ती उणीव मोठी आहे, माझ्या मुलाला तर रोज जाणवते. पण ती लपवली नाही, म्हणून आम्ही पालक मिळून पाठपुरावा करू शकतो. मुलांचे वैद्यकीय अहवाल मात्र कपाटात, कुलपात. हा फरक त्यांना कळतो, याचं मला फार मोल वाटतं.

जमाखर्चात "इतर खर्च" अशी मोठी रक्कम होती. फोड मागितली, तर पुढच्या पालकसभेत पावत्यांची फाईलच टेबलावर ठेवली. मावशी म्हणाल्या, "ताई, आठे सगळं लिखेल शे, वाची ल्या." अनुदानित संस्थेची माहिती 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागता येते, पण पोराच्या जेवणाचा हिशोब बघायला आईने महिनाभर का थांबावं?

पत्र्याचं छत उन्हाळ्यात फार तापतं. गाडी फक्त शहरातून येते, खेड्यांवरच्या पोरांना एसटीच. दोन्ही तक्रारी मी वहीत लिहिल्या. गाडीवर लेखी उत्तर आलं, छताचं अजून नाही.

नाव इथे टाकत नाही, विचाराल त्या पालकांना सांगेन. प्रवेशाला जाताना दिव्यांगत्व प्रमाणपत्राची झेरॉक्स न्या. मूल 18 च्या पुढचं असेल, तर कायदेशीर पालकत्वाचंही विचारून घ्या. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो, आणि भरायला इथल्या बाई मदत करतात.