पूलमध्ये आधी पवित्रा बसवायचा की आधी नेम?

गेल्या चवथीला गोव्यात डिचोलीच्या घरी सोप्यावर कॅरम मांडला होता. माझ्या भाच्याने लागोपाठ सहा सोंगट्या घेतल्या, त्यातल्या दोन इतक्या पातळ कटने, म्हणजे सोंगटीला अगदी कडेला स्पर्श करून, की बघणारे गप्पच झाले. हाच मुलगा दोन महिन्यांपासून फोंड्याला माझ्याबरोबर पूल, म्हणजे क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये (भोकात) घालायचा खेळ, खेळायला येतो आणि पॉकेटच्या सरळ रेषेत असलेला बॉल चुकवतो. "मामा, आठवड्यात दोनच दिवस टेबल मिळतं. उभं कसं राहायचं ते शिकू, की नेम कसा धरायचा ते?" असं त्याने त्या दिवशी विचारलं. हा प्रश्न नवीन खेळणाऱ्या प्रत्येकाला पडतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

पवित्रा म्हणजे पाय, कंबर, खांदा, कोपर, हनुवटी आणि क्यू यांची मांडणी. शॉटच्या रेषेवर शरीर असं आणून बसवायचं की हात मागे-पुढे झाला की क्यू आपसूक त्याच रेषेत जाईल. नेम म्हणजे ती रेषा नेमकी कुठली, हे डोळ्यांनी ठरवणं. नेमाने रस्ता शोधायचा, पवित्र्याने त्यावरून चालायचं.

कॅरम खेळून पूलकडे येणाऱ्यांचा नेम बहुतेक वेळा तयार असतो, पवित्रा मात्र अजिबात नसतो. यात त्यांचा दोष नाही. कॅरममध्ये आपण बसल्या जागी राहतो आणि स्ट्रायकर पट्टीवर हवा तिथे सरकवतो. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबला तिथेच राहतो आणि रेषेवर जायचं असतं ते आपण. हा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिवाय कॅरमची नजरही जशीच्या तशी कामाला येत नाही. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटरचा आणि सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटरची असते, तर पूलचे बॉल सारखे, ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे. त्यामुळे 'अर्धा बॉल' मारल्यावर, म्हणजे समोरच्या बॉलच्या किंवा सोंगटीच्या बरोबर कडेवर नेम धरल्यावर, निघणारा कोन दोन्ही खेळांत वेगळा पडतो.

आता कुठली चूक किती महाग पडते ते पाहू. माझं मत या हिशेबावरच ठरलेलं आहे.

समजा पांढरा बॉल मारायच्या बॉलपासून १ मीटरवर आहे आणि तिथून पॉकेट आणखी १ मीटर. ब्रिजचा हात, म्हणजे क्यूला पुढून आधार देणारा हात, पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर मागे आहे. हा हात रेषेपासून फक्त १ मिलिमीटर बाजूला पडला आणि टिप (क्यूचं टोक) मात्र बॉलच्या मध्यावरच लागली, तर पांढरा बॉल १ मीटर जाईपर्यंत ४ मिलिमीटर सरकतो. त्या ४ मिलिमीटरने दुसरा बॉल सुमारे ४ अंश वळतो आणि पॉकेटपाशी पोचेपर्यंत ७ सेंटिमीटर बाहेर जातो. पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे ११.४ सेंटिमीटर धरलं, तर बॉलला दोन्ही बाजूंना जेमतेम २.८ सेंटिमीटर मोकळीक मिळते. म्हणजे शॉट गेला.

याउलट पवित्रा बिनचूक आहे, पण डोळ्याने ठरवलेली जागा १ मिलिमीटरने चुकली. मग तोच बॉल फक्त १ अंश वळतो, पॉकेटपाशी पावणेदोन सेंटिमीटर सरकतो आणि आत पडतो. लांबच्या शॉटमध्ये शरीराची चूक अंतराने गुणली जाते, डोळ्याची तशी गुणली जात नाही.

पण हिशेब इथेच सोडला तर नेमावर अन्याय होईल. पांढरा बॉल कुठे जाऊन लागायला हवा ती जागा ठरवताना नवख्याची नजर १ नव्हे, ५ मिलिमीटरनेही सहज चुकते. पातळ कटवर तीच चूक आणखी वाढते: ६० अंशांच्या कटला १ मिलिमीटरची चूक सरळ शॉटच्या दुप्पट कोन देते. आणि पांढरा बॉल जवळ, २५-३० सेंटिमीटरवर असेल, तर पवित्र्याचा तो गुणाकार जवळजवळ उरतच नाही. ७ फुटी टेबलावर गर्दीतून जवळजवळचे बॉल काढणारा माणूस वाकडा उभा राहूनही जिंकतो, ते यामुळेच. तोच माणूस ९ फुटी टेबलावर आला की गोंधळतो.

पवित्रा शिकायचा म्हणजे करायचं काय? आधी शॉटच्या मागे दोन पावलं उभं राहून रेषा बघायची. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय त्या रेषेवर टाकायचा आणि मग डोकं सरळ त्याच रेषेत खाली आणायचं. आधी वाकून मग नेम शोधणं ही सगळ्यात पसरलेली सवय आहे. त्यात पाय तसेच राहतात, खांदा वळतो आणि क्यू कंबरेला घासून बाहेर फिरतो. कित्येक वर्षं मी असाच खेळलो. डाव्या पॉकेटमधले बॉल जायचे, उजव्यातले राहायचे, आणि मी दोष टेबलाला देत होतो.

हनुवटी क्यूच्या बरोबर वर हवी, असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. स्नूकरपटू जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची नजर कमजोर होती, म्हणून ते क्यू डाव्या डोळ्याखाली धरत. १९२७ ते १९४६ या काळात ते १५ वेळा स्नूकरचे विश्वविजेते झाले. कुठल्या जागी धरलेला क्यू आपल्याला सरळ दिसतो, हे ज्याने त्याने शोधायचं असतं. दोन बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवा, वाका आणि रेषा खरोखर सरळ दिसेपर्यंत डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्या. मागे उभ्या मित्राला क्यू सरळ आहे का विचारा. ती जागा एकदा सापडली की प्रत्येक शॉटला डोकं तिथेच यायला हवं.

नेमाच्या पद्धतींत मी नवख्याला घोस्ट बॉल सांगतो. मारायच्या बॉलला पॉकेटच्या उलट बाजूने चिकटलेला एक बॉल मनात आणायचा आणि पांढरा बॉल त्याच्या जागी न्यायचा. नवखे बहुतेक वेळा स्पर्शाच्या बिंदूवरच नेम धरतात, तिथे घोटाळा होतो. पांढरा बॉल तिथे आपल्या मध्याने लागत नाही, कडेने लागतो, म्हणून शॉट जाड बसतो, म्हणजे बॉल हवा तितका वळत नाही. स्पर्शाचा बिंदू मारायच्या बॉलच्या मध्यापासून जितका बाजूला दिसतो, त्याच्या दुप्पट बाजूला क्यूची रेषा हवी. ३० अंशांच्या कटला हे स्वच्छ दिसतं: क्यूची रेषा मारायच्या बॉलच्या बरोबर कडेवर येते. यालाच हाफ बॉल म्हणतात. पाऊण बॉलला साडेचौदा अंश, पाव बॉलला साधारण ४८.६ अंश. हे तीन कोन नजरेत बसले की मधले अंदाजाने जमतात.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार मात्र नेम शिकणाऱ्याने करायलाच हवा. जून ते सप्टेंबर कापड ओल धरतं, टेबल जड होतं आणि मळलेले बॉल एकमेकांना घासून जातात. त्या घर्षणाने मारायचा बॉल कागदावरच्या कोनापेक्षा थोडा जाड निघतो, हळू मारलेल्या शॉटला तर जास्तच. म्हणून पावसात कट किंचित पातळ धरावा लागतो, आणि बॉल पुसून खेळलं तर निम्मा त्रास कमी होतो. पवित्र्याला हवामानाची अडचण एकच: घामाने ब्रिजवर क्यू अडकतो. त्याला पावडर किंवा हातमोजा पुरतो.

जागेचं तसं नाही. ५८ इंची क्यू मोकळा फिरवायचा तर ९ फुटी टेबलाला १४ बाय १८ फुटांची खोली लागते. किनाऱ्यावरच्या कितीतरी बारमध्ये टेबल भिंतीला खेटून असतं, मागे दोन पावलं जायलाही वाव नसतो. तिथे पवित्रा शिकायला जाऊ नका, वाईट सवयच लागेल.

आणि पैसे? टेबलाचं भाडं तासावर मोजावं लागतं, आणि पवित्र्याचा मोठा भाग घरी होतो. जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवा आणि तोंडाला न लागता टिप आत-बाहेर न्या. समोर फोन लावून चित्रीकरण करा, कोपर बाहेर पडतं का ते लगेच दिसतं. रोज पंधरा मिनिटं पुरे. नेम मात्र टेबलावरच पक्का होतो.

निर्णय घ्यायच्या आधी एक चाचणी करा. साइड (बाजूची फिरकी) न देता, मध्यावर मारून, १ मीटर अधिक १ मीटर अंतराचे २० सरळ शॉट खेळा. सरळ शॉटला नेम शोधायचा नसतोच, त्यामुळे जे चुकेल ते शरीराचं. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर उभं राहणं किंवा डोक्याची जागा चुकते आहे. दोन्हीकडे विखुरले तर हात डगमगतो आहे. मग पांढरा बॉल ३० सेंटिमीटरवर घेऊन २० हाफ बॉल कट खेळा. इथे शरीराची चूक फारशी वाढत नाही, नेमाचं खरं रूप दिसतं. सरळ शॉट निम्म्याहून कमी गेले तर बाकी काही बघू नका, पवित्रा घ्या. वाकडं शरीर नेमालाही बिघडवतं: डोळा ती चूक झाकण्यासाठी खोटी जागा शिकतो आणि पुढे ती पुसायला दुप्पट वेळ जातो. सरळ शॉट जात असतील आणि कट राहत असतील, तर खुशाल नेमाला लागा. पाठ किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी खोल वाकायचा हट्ट धरू नये. जरा उंच उभं राहून नेमावर भर दिला तरी चांगला खेळ होतो, स्पर्शाचा बिंदू वरून अधिक स्पष्टही दिसतो.

भाच्याचे २० पैकी ७ सरळ शॉट गेले, चुकलेले सगळे डावीकडे. हाफ बॉलचे १४ गेले. त्याला मी महिनाभर कट मारू दिलेले नाहीत. तो रोज रात्री आईच्या जेवणाच्या टेबलावर बाटली मांडतो, आणि गेल्या रविवारी त्याचा उजवा पाय मी न सांगता रेषेवर पडला.